सायकलीची चौकट: मुंबईचा बाजार ते औंढा नागनाथची वाट

सायकलीची चौकट, म्हणजे रोजच्या बोलण्यातली ‘फ्रेम’, ही पोलादी नळ्या आणि त्या नळ्यांना एकत्र धरणारे सांधे एवढ्यांचीच बनलेली असते. नळ्या बहुधा एखाद्या मोठ्या कारखान्यातून आलेल्या असतात, सांधे मात्र कोणाच्या तरी हातांनी जुळवलेले, तापवलेले आणि कानसलेले असतात, आणि म्हणून जुन्या चौकटीची पारख करायची ती मुख्यतः सांध्यांवरूनच करावी लागते. लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी एकेका गिऱ्हाइकाच्या मापाने हाताने घडवलेल्या चौकटी इंग्लंड-फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या मध्यात नावारूपाला आल्या आणि आज त्यांचे संग्राहक जगभर आहेत. मराठी मुलखात अशा चौकटी फारच थोड्या आल्या. मुंबईपासून औंढा नागनाथसारख्या मराठवाड्यातील तीर्थाच्या वाटेपर्यंत प्रवासाचे ओझे वाहिले ते कारखान्यात बनलेल्या जाड नळीच्या सायकलीने, जिला इंग्रज ‘रोडस्टर’ म्हणत. तेव्हा या मुलखातील जुन्या चौकटीचा विचार करताना ‘हस्तनिर्मित’ ही कसोटी जरा सैल धरावी लागते: कारखान्यातील सांधेकऱ्याचा हात आणि नंतर पन्नास वर्षे तिची दुरुस्ती करणाऱ्या गावच्या कारागिराचा हात, हे दोन्ही तिच्यात मोजले पाहिजेत.

सांध्याची रीत आधी पाहिली पाहिजे. दोन नळ्या जिथे मिळतात तिथे पोलादाचे एक पोकळ टोपण बसवतात, त्याला ‘लग’ म्हणतात. नळीची टोके या टोपणात सरकवून, जागेवरून हलू नयेत म्हणून बारीक खिळी ठोकून, सांध्याला टाकणखारासारखे द्रावक लावतात, ज्यामुळे तापलेल्या पोलादावर गंजाचा थर धरत नाही. मग सांधा लालबुंद करून त्यात पितळ सोडतात. पितळ सुमारे नऊशे अंश सेल्सियसला वितळते आणि नळी व लग यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत आपोआप ओढले जाते. ही पितळेची डाक थंड झाली की सांधा मूळ नळीइतकाच, किंबहुना तिच्याहूनही पक्का होतो. यात पोलाद स्वतः वितळत नाही, आणि वेल्डिंगपासून ही रीत वेगळी पडते ती नेमकी इथेच. उष्णता कमी पडली तर पितळ अर्ध्या वाटेत थांबते, जास्त झाली तर पातळ नळीचा कस जातो. म्हणून चांगल्या नळीसाठी काही कारागीर कमी तापमानाला वितळणारी चांदीमिश्रित डाक वापरत. थंड झाल्यावर लगच्या कडा कानशीने घासून पातळ करण्याचे काम वेगळेच. मोठ्या कारखान्यात ते धावते होई आणि कडा जाड, बोथट राहत. एकट्याने चौकट घडवणारा मात्र कडा कागदासारखी पातळ करून नळीवर टेकवी, आणि कडेभोवती पितळेची रेघ सगळीकडे सारखी दिसावी याची काळजी घेई. रंगाखाली ही रेघ दिसत नसली तरी कडेवरून नख फिरवताच कळते.

नळीचेही तसेच. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स घराण्याने १८९७ मध्ये अशा नळीचे पेटंट घेतले की जिची जाडी टोकांशी जास्त आणि मध्यभागी कमी असते. सांध्याशी ताण जास्त म्हणून तिथे पोलाद जास्त, मधे कमी म्हणून वजन कमी, असा तो सरळ हिशेब होता. त्याच कंपनीने १९३५ मध्ये मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची ‘५३१’ नावाची नळी आणली आणि पुढची चाळीसएक वर्षे चांगली इंग्लिश चौकट म्हटली की सीटखालच्या नळीवर ५३१चे चिकटचित्र शोधण्याची सवय पारख्यांना लागली. चित्र मात्र बनावटही असू शकते. सीटचा दांडा ज्या भोकात बसतो त्याचे माप जास्त विश्वासाचे: दोन्ही टोकांना जाड केलेल्या ५३१ नळीच्या चौकटीत बहुधा २७.२ मिलिमीटरचा दांडा लागतो, आणि साध्या, सरसकट जाड नळीच्या चौकटीत त्याहून बारीक. नळीच्या मध्यावर टिचकी मारली की पातळ नळी खणखणते आणि जाड नळी बद्द वाजते, ही जुन्या मिस्त्रींची परीक्षाही अगदी टाकाऊ नाही. निर्णय मात्र मापाने करावा.

प्रवासी चौकटीची खूण तिच्या आकारात असते. चाकांमधले अंतर शर्यतीच्या सायकलीपेक्षा जास्त असते, मागचा चिमटा लांब असतो म्हणजे कॅरिअरवरच्या पिशव्यांना टाच लागत नाही, मडगार्डसाठी चाकाभोवती मोकळी जागा सोडलेली असते आणि चिमट्यांच्या टोकांशी मडगार्ड व कॅरिअर कसण्याची छोटी भोके घडवतानाच ठेवलेली असतात. पॅरिसलगतच्या लव्हाल्वा-पेरे येथील रने हर्स आणि आलेक्स सिंगर या दोन दुकानांनी हा विचार टोकाला नेला. चौकट, कॅरिअर, दिव्याची तार, मडगार्ड हे सारे एकाच कारागिराने एकाच वस्तूचे अवयव म्हणून घडवावे, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यांच्या सायकलींत दिव्याची तार नळीच्या आतून नेलेली आढळते. लंडनच्या टॉटनहॅम भागात हेचिन्स या दुकानाने १९३० च्या दशकात मागचे चिमटे नागमोडी वळवण्याची टूम काढली आणि लगवर वेलबुट्टी कोरली. इंग्लंडमधील हौशी शर्यतींत सायकलीवर कारखान्याचे नाव मिरवण्यास मनाई असल्याने छायाचित्रात नुसत्या आकारावरून दुकान ओळखू यावे यासाठी हे वळण दिले, असे पुष्कळदा सांगितले जाते. वळणामुळे खड्ड्यांचे धक्के कमी होतात हा दुकानाचा दावा होता. तो जाहिरातीत शोभण्यापलीकडे फारसा गंभीरपणे घेण्याचे कारण नाही. लगवरचे कानसकाम मात्र खरोखर पाहण्यासारखे आहे.

ही दुकाने भरभराटीला येण्याआधीच मुंबईकरांनी सायकलीवरून जग पालथे घातले होते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कपाडिया हे सहा पारशी तरुण मुंबईहून निघाले. त्यांतील हकीम, बापासोला आणि भुमगरा हे तिघे इराण, मेसोपोटेमिया, युरोप, अमेरिका आणि पूर्व आशिया असा फेरा पूर्ण करून १८ मार्च १९२८ रोजी परतले, तेव्हा त्यांचे सुमारे ७१,००० किलोमीटर झाले होते. १९२४ मध्ये निघालेले फ्रामरोझ दावर हे सहारा आणि अँडीज ओलांडून १९३१ मध्ये परतले. १९३३ मध्ये निघालेले केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे १९४२ पर्यंत वाटेवर होते. हे प्रवास आता कुठे पुन्हा आठवले जाऊ लागले आहेत. चौकटींच्या इतिहासात त्यांचे स्थान असे की लांब पल्ल्याची सायकल म्हणजे वेलबुट्टीचे लग आणि नागमोडी चिमटे हे समीकरण त्यांच्यापुढे टिकत नाही. वाळवंटात महत्त्वाचे ठरते ते सांधा सुटत नाही आणि सुटलाच तर पुढच्या गावचा लोहार तो जोडू शकतो, हे.

हाच गुण मराठवाड्यातही कामी आला. औंढा नागनाथ आज हिंगोली जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, आणि १९४८ पर्यंत हा सारा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद रेल्वे परभणीवरून गेली आणि पुढे पूर्णेहून निघालेला फाटा हिंगोलीला पोहोचला. औंढा मात्र रुळांपासून दूरच राहिले. हिंगोली सुमारे पंचवीस-तीस किलोमीटरवर, परभणी सुमारे पन्नास. मुंबईच्या बंदरात उतरलेली इंग्लिश सायकल संस्थानात यायची तर तिच्यावर ‘करोडगिरी’ लागू होई. करोडगिरी हे संस्थानाचे जकात खाते होते आणि ब्रिटिश मुलखातून येणाऱ्या मालावर ते किमतीच्या पाच टक्के जकात घेई. आधीच महाग असलेली वस्तू त्यामुळे आणखी महाग पडे. इथल्या खेड्यापाड्यांत सायकल दीर्घकाळ शिक्षक, पोस्टमन, तलाठी, दूधवाले आणि फिरते व्यापारी यांच्याकडेच दिसे, आणि एकदा घेतलेली सायकल बापाकडून मुलाकडे जाई, याला ही महागाई बऱ्याच अंशी कारण होती.

रोडस्टरची चौकट या वाटांना साजेशी निघाली, पण ती या वाटांसाठी आखलेली नव्हती. खडबडीत वाटांवरून सावकाश जाणारा स्वार डोळ्यांपुढे ठेवून इंग्लंडनेच ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठरवून टाकली होती. हँडलची नळी बरीच मागे कललेली, पुढचा चिमटा ठळकपणे पुढे वाकलेला, चाके २८ इंची आणि टायर दीड इंच रुंद, दोन चाकांमधले अंतर सव्वा मीटरच्या जरा आत. या मापांमुळे सायकल वळायला आळशी आणि चढावर जड असते. पण खडी, काळ्या मातीच्या भेगा आणि चाकोऱ्या यांवरून ती हात न झटकता सरळ चालते, आणि मागे धान्याचे पोते असले तरी पुढचे चाक उचलले जात नाही. प्रवासी चौकटीच्या व्याख्येतील लांब मागचा चिमटा, मडगार्डची मोकळी जागा, ओझ्याखाली स्थैर्य हे जवळजवळ सारे गुण तिच्यात आहेत. नाही तो हलकेपणा. ब्रेकसाठी तारेऐवजी लोखंडी सळ्या असतात आणि त्या हातोडी-पक्कडीवर दुरुस्त होतात.

जुन्या इंग्लिश रोडस्टरची ओळख पटवताना बहुतेक लोक आधी पुढच्या नळीवरचा पितळी बिल्ला पाहतात. हा क्रम चुकीचा आहे, कारण बिल्ला दोन खिळ्यांनी बदलता येतो. मोठ्या दातेरी चक्राचा नक्षीदार गाभा जास्त बोलका: रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी, रज-व्हिटवर्थच्या चक्रात पंजा, आणि मूळ बंदुका बनवणाऱ्या बीएसएच्या चक्रात तीच तीन अक्षरे, त्यांच्या बिल्ल्यावर मात्र एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली असतात. तरी चक्रही बदलता येते. बदलता येत नाही ते चौकटीशी जुळलेले. हंबरच्या पुढच्या चिमट्याचा प्रत्येक पाय दुहेरी नळ्यांचा असतो. १९३२ मध्ये रॅलेने हंबर विकत घेतल्यावर सायकली नॉटिंगहॅमला बनू लागल्या, पण हा दुहेरी चिमटा त्यांनी चालू ठेवला, म्हणून दुहेरी चिमटा दिसला की लगेच ‘महायुद्धापूर्वीची हंबर’ म्हणणे घाईचे ठरते. त्याहून पक्की खूण पायडलच्या आसाच्या आडव्या कप्प्यात, म्हणजे बॉटम ब्रॅकेटमध्ये, मिळते: रॅलेने आपल्या कारखान्यात कापलेले आटे इंचाला २६ असतात आणि इतर बहुतेक इंग्लिश कारखान्यांचे २४. कप उलगडून आटे मोजले की बिल्ल्याचा दावा खरा की खोटा हे दोन मिनिटांत ठरते. त्यासाठी पायडलचा दांडा आसावर घट्ट धरणारी खीळ, म्हणजे कॉटर पिन, काढावी लागते, आणि जुनी, गंजून बसलेली कॉटर पिन काढणे हा मिस्त्रीच्या संयमाची परीक्षा पाहणारा प्रकार आहे, हे सांगितलेले बरे.

कालनिर्णयासाठी मागच्या चाकाचा हबही उपयोगी पडतो. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नमुन्यांवर वर्षाचे शेवटचे दोन अंक आणि महिन्याचा आकडा ठोकलेला असतो. धूळ आणि तेलाचा थर रॉकेलच्या फडक्याने पुसला की ‘५२’ आणि त्याशेजारी ‘८’ असे काही वाचता येते आणि हब ऑगस्ट १९५२ चा ठरतो. हब ऑगस्टचा म्हणून चौकट ऑगस्टची होत नाही. मराठवाड्यात चाके इतक्या वेळा बदलली गेली की हबची तारीख हा फक्त एक साक्षीदार मानावा. चौकटीवर सीटच्या लगजवळ किंवा खाली बॉटम ब्रॅकेटवर ठोकलेला क्रमांक हा दुसरा. आणि अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत व त्याचा वर्ष कोरलेला धातूचा बिल्ला देत. तो कुठे टिकून असेल तर तिसरा. तिघांचे जुळले तरच वर्ष लिहावे.

या इंग्लिश मालाला देशी स्पर्धा उभी राहिली ती युद्धाच्या तोंडावर. १९३८-३९ मध्ये कलकत्ता, पाटणा आणि मुंबई येथे सायकल-कारखाने सुरू झाले. मुंबईचा तो वरळीचा हिंद सायकल्स. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध घट्ट झाले आणि परदेशी नावे देशी कारखान्यांतून निघू लागली: आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सची हर्क्युलस, आणि पुढे त्याच कारखान्यातून फिलिप्स व बीएसए. सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ ची आणि लुधियानाची हिरो १९५६ ची. आज हिंगोली-परभणीकडे जुन्या सायकलीवर इंग्लिश नाव दिसले की ती ‘विलायती’ असल्याचे अभिमानाने सांगितले जाते. प्रत्यक्षात ती बहुधा आसनसोलची किंवा अंबत्तूरची असते. यात कमीपणा काही नाही. सुरुवातीच्या देशी चौकटींत लगवर पितळाची डाक तितकीच भरपूर आहे. फरक आढळतो तो नळीच्या जाडीत आणि लगच्या कडांच्या कानसकामात. हिंद सायकल्सच्या चौकटींची नोंद तर मराठी वाचकांनी मुद्दाम ठेवायला हवी होती, कारण मुंबईच्या गिरणगावाशेजारी, त्याच कामगारवस्तीच्या हातांनी बनलेली ती वस्तू होती. कापडाचा इतिहास लिहिला गेला, सायकलीचा राहिला. कारखाना पुढे सरकारी ताब्यात गेला आणि नंतर बंद पडला.

चौकट गावात आल्यानंतरचे तिचे आयुष्य कारखान्यातल्या आयुष्यापेक्षा मोठे असते आणि त्याचे लेखन तिच्या अंगावरच होत जाते. औंढ्याच्या देवळाकडे पाहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही: खालचा यादवकालीन, शिल्पांनी भरलेला दगडी भाग आणि वरचे नंतर उभारलेले, चुन्याने लिंपलेले शिखर यांतला फरक तिथे नुसत्या नजरेने कळतो, आणि वरचा भाग नंतरचा आहे म्हणून कोणी त्याला देऊळ म्हणायचे थांबत नाही. जुन्या रोडस्टरमध्ये नंतरचे काम कुठे असते हे ठरलेले आहे. हँडलच्या नळीखालचा सांधा, जिथे खालची तिरकी नळी येऊन मिळते, तो समोरून धडक बसली की प्रथम वाकतो. तिथे रंगाखाली सुरकुती, म्हणजे नळीच्या तळाशी बारीक वळी, हाताला लागते. मागच्या चिमट्याचे टोक ओझ्याने तडकते आणि तिथे डाक दिलेली असते. कारखान्याची डाक लगच्या आत असते, बाहेर फक्त रेघ. गावच्या कारागिराची डाक बाहेरून फुगीर, थेंबाथेंबांची, कधी पट्टी ठोकून त्यावर दिलेली. दूधवाले आणि पोती वाहणारे लोक पुढच्या आसापासून हँडलपर्यंत दोन सळ्यांचा आधार बसवत. वरच्या दांडीखाली दुसरी दांडी जोडलेलीही आढळते. दुहेरी दांडीच्या चौकटी कारखानेही बनवत, म्हणून दुसऱ्या दांडीची टोके लगमध्ये शिरतात की नळीवर नुसती टेकवून जोडली आहेत, हे पाहावे. टेकवलेली असतील तर तो गावचा हात, आणि ती जागा कापून ‘मूळ रूपात’ आणण्याची हौस टाळणे शहाणपणाचे. डाक पितळेची आहे की नंतरच्या विजेच्या वेल्डिंगची, यावरूनही काळाचा अंदाज येतो, कारण वेल्डिंगचा सांधा करडा आणि खवल्यांचा असतो, पितळेचा पिवळा आणि गुळगुळीत.

हा कारागीर वेगळा ‘सायकलवाला’ असेच असे नाही. चाकाची आऊट काढणे, छर्रे बदलणे, पंक्चर काढणे हे तासाने सायकल भाड्याने देणाऱ्या दुकानाचे काम. वाकलेला चिमटा तापवून सरळ करणे मात्र बैलगाडीच्या चाकाला धाव चढवणाऱ्या लोहाराकडे जाई, आणि त्याच्या भट्टीत लागणारा टाकणखार व पितळ तेच होते जे नॉटिंगहॅमला वापरले जात होते. इंग्लंडच्या कारखान्यात ठरवलेली लगची रीत या कारणाने मराठवाड्यात अडली नाही. पुढे वेल्डिंगने जोडलेल्या पातळ नळीच्या चौकटी आल्या, त्या तडकल्या की भट्टीवर जोडता येत नाहीत असा अनुभव सगळीकडेच आहे.

महाराष्ट्रात जुन्या सायकलींचा नीट मांडलेला संग्रह पाहायचा तर पुण्याला कर्वेनगरमधील विक्रम पेंडसे यांचे संग्रहालय हे नाव आधी येते. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसएने बनवलेली घडीची सायकल तिथे पाहता येते, जिच्या चौकटीचे दुहेरी, वक्र दांडे मधोमध दुमडतात. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर होते, म्हणून असा संग्रह तिथे उभा राहणे स्वाभाविक आहे. मराठवाड्यातील चौकटी मात्र संग्रहालयात येण्याआधीच भंगारात वजनावर जातात. वेरूळ, परळी आणि औंढा ही तीन ज्योतिर्लिंगे जोडत सायकलीवर निघणारे हौशी प्रवासी आता अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा आयात केलेल्या पोलादी चौकटी वापरतात, आणि वाटेतल्या एखाद्या गावी दुकानाच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या काळ्या रोडस्टरकडे त्यांचे लक्ष गेलेच तर ते बिल्ल्यापुरते जाते. अशी सायकल विकत घेताना विचारायचे प्रश्न साधे आहेत: कोणी वापरली, चिमटा कधी वाकला, डाक कोणी दिली, रंग किती वेळा झाला. उत्तरे मिळाली तर ती चौकटीच्या क्रमांकाशेजारी वहीत लिहून ठेवावीत, आणि नवा रंग देण्याआधी खरवडणाऱ्याला सीटच्या लगजवळचा आकडा व बॉटम ब्रॅकेटचा तळ या दोन जागा सोडायला सांगावे, कारण सँडपेपरने प्रथम पुसला जातो तो उथळ ठोकलेला क्रमांकच.